यंत्राने काढलेल्या पदराचा मालक कोण?

सप्टेंबर 2025 मध्ये गुगलच्या जेमिनी या साधनाकडून स्वतःचा फोटो साडीतल्या छायाचित्रात बदलून घेण्याची लाट आली, तेव्हा बहुतेकांनी ती गंमत म्हणून पाहिली. साडीच्या धंद्यातल्या माणसांच्या मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. जी साडी कोणी विणलेली नाही आणि जिचा काठ कोणी आखलेला नाही, ती नेसलेली बाई फोनच्या पडद्यावर दिसते आणि ते चित्र दाखवून गिऱ्हाईक ‘अशीच हवी’ म्हणून दुकानात उभे राहू शकते. पैठणचा व्यापारी, छत्रपती संभाजीनगरात बुटीक चालवणारी डिझायनर, नांदेड-लातूरकडे लग्नाचे ब्लाऊज शिवून देणारी कारागीर आणि फॅशन डिझाईन शिकणारे विद्यार्थी हे सगळेच कमीअधिक प्रमाणात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, म्हणजे एआयकडून, नमुने काढून घेऊ लागले आहेत. असा नमुना कोणाच्या मालकीचा असतो आणि शेजारच्या दुकानदाराने तो उचलला तर त्याला अडवता येते का, याचे उत्तर आपल्या कायद्यात अर्धे सापडते. ते अर्धे नीट समजून घेतले, तर उरलेले अर्धे आपल्या बाजूने झुकवण्यासाठी आजच बरेच काही करता येते.

कॉपीराइट नेमका कशाला मिळतो

कॉपीराइट म्हणजे आपल्या कलाकृतीच्या प्रती काढण्याचा, त्या विकण्याचा आणि इतरांना तसे करण्यापासून रोखण्याचा हक्क. आपल्याकडे तो 1957 च्या कायद्याने मिळतो. कृती कागदावर किंवा पडद्यावर उतरली की हा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि चित्र किंवा रेखाटन यांच्या बाबतीत तो निर्मात्याच्या हयातीनंतर आणखी 60 वर्षे टिकतो. मात्र दोन अटी आहेत. पहिली अशी की संरक्षण कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले होते. दुसरी अशी की कृती ‘मूळ’ असली पाहिजे. ईस्टर्न बुक कंपनीच्या डिसेंबर 2007 च्या निकालात न्यायालय म्हणाले की नुसते कष्ट आणि खर्च पुरेसे नाहीत. त्यात कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जनशीलता दिसायला हवी.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. एखादी नवरी आरी वर्क करणाऱ्या ताईंकडे जाते आणि सांगते, ‘पाठीवर मोर हवा, गळ्याभोवती वेल हवी, रंग राणी आणि मोरपंखी.’ ताई मोराची मान किती वळवायची, पिसारा कुठे संपवायचा आणि वेलीची पाने किती दाट भरायची हे स्वतः ठरवतात. कल्पना नवरीची असली तरी रेखाटन ताईंचे, म्हणून कॉपीराइटही मुळात ताईंचाच. ताईंच्या जागी एआय ठेवले आणि नवरीने तेच वाक्य टाइप केले, तर मानेचे वळण आणि पिसाऱ्याचा शेवट यंत्राने ठरवला. यंत्राला कायदा हक्क देत नाही, आणि नवरीने तर फक्त कल्पना सांगितली होती. रूप देणाऱ्याची जागाच रिकामी राहते. एआयच्या मालकीचा सगळा वाद या रिकाम्या जागेभोवती फिरतो.

‘पण आपल्या कायद्यात तर संगणकाचा उल्लेख आहे’

आहे, आणि तो अनेक देशांच्या कायद्यांत नाही. 1994 च्या दुरुस्तीने कलम 2(ड)(सहा) आले. संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा, नाट्यकृतीचा, संगीतकृतीचा किंवा कलाकृतीचा निर्माता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास कारणीभूत ठरणारी व्यक्ती, असे ते कलम सांगते. वरवर पाहता इथेच प्रश्न मिटतो, कारण यंत्राला दिलेली लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, ज्याने टाइप केली तोच कारणीभूत, तोच निर्माता. हे कलम दाखवून ‘भारतात एआयचे डिझाईन वापरणाऱ्याचेच’ असे ठामपणे सांगणारेही पुष्कळ भेटतात.

माझ्या मते हा ठामपणा घाईचा आहे. 1994 मध्ये संगणक हे माणसाच्या हातातले अवजार होते. आज एका वाक्यावर चार संपूर्ण चित्रे काढून देणाऱ्या साधनाच्या बाबतीत कारणीभूत कोण, वाक्य लिहिणारा की साधन घडवणारी कंपनी, हे त्या कलमाच्या शब्दांतून उलगडत नाही. शिवाय निर्माता कोण हे ठरले तरी कृती मूळ आहे का, ही कसोटी वेगळीच उरते. आपल्या कॉपीराइट कार्यालयाचाही गोंधळ उडालेला आहे. अंकित साहनी या वकिलांनी ‘राघव’ नावाच्या एआय साधनाच्या मदतीने केलेल्या ‘सूर्यास्त’ या चित्राला कार्यालयाने 2020 मध्ये नोंदणी दिली, तीही राघवला सहनिर्माता म्हणून, आणि पुढच्याच वर्षी नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली.

परदेशांतही एकमत नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ स्टीफन थेलर यांनी आपल्या एआय यंत्राला निर्माता म्हणून नोंदवण्याचा आग्रह धरला, तेव्हा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्च 2025 मध्ये निर्माता माणूसच असला पाहिजे, असे सांगितले. त्याआधी जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नुसता प्रॉम्प्ट पुरेसा नाही, मात्र माणसाने केलेली निवड, मांडणी आणि फेरफार यांना त्यांच्यापुरते संरक्षण मिळू शकते, अशी भूमिका घेतली होती. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये वेगळी वाट धरली. वापरणाऱ्याने प्रॉम्प्ट आणि इतर बाबी पुन्हा पुन्हा बदलत चित्राला आकार दिला होता, म्हणून ते चित्र त्याचेच, असा तो निकाल होता. दोन्हीकडे तपासले एकच गेले, ते म्हणजे माणसाचा हात त्या कृतीत कुठे आणि किती दिसतो. आपल्याकडचा पहिला मोठा निकाल येईल तेव्हा तोही हेच विचारेल, असे मला वाटते.

‘मी दरमहा पैसे भरतो, मग डिझाईन माझेच’

बहुतेक साधनांच्या अटींमध्ये निघालेले चित्र वापरणाऱ्याचे, अशा अर्थाचे वाक्य असते आणि ते खोटे नाही. पण तो कंपनी आणि आपण यांच्यातला करार आहे. कंपनीकडे काही हक्क असेल तर तो ती तुम्हाला देते, आणि कायद्याने मुळात हक्कच निर्माण झाला नसेल तर देण्यासारखे कंपनीकडे काही नसते. शेजारचा दुकानदार त्या कराराचा पक्षही नसतो, त्यामुळे तो करार दाखवून त्याला अडवता येत नाही. याच अटींमध्ये सारख्या सूचनेवर सारखे चित्र दुसऱ्यालाही मिळू शकते, असेही लिहिलेले असते. फुकटच्या आणि पैसे भरून घेतलेल्या योजनांच्या अटी वेगळ्या असू शकतात, आणि आपण चढवलेला फोटो यंत्राच्या शिक्षणासाठी वापरला जाणार की नाही हेही तिथेच ठरते. गिऱ्हाइकाचा अजून बाजारात न आलेला नमुना अशा साधनात चढवण्यापूर्वी तेवढी दोन पाने वाचावीत.

पन्नासचा आकडा आणि डिझाईन कायदा

कपड्यांच्या बाबतीत खरी गुंतागुंत एआयमुळे आलेली नाही, ती आधीपासूनच होती. चित्र भिंतीवर टांगले तर कॉपीराइट कायदा त्याला निर्मात्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे जपतो. तेच चित्र साडीवर छापून बाजारात आणले की 2000 चा डिझाईन कायदा मध्ये येतो. एखाद्या वस्तूवर उतरवलेली आणि डोळ्यांना दिसणारी आकृती, नक्षी किंवा रंगरेषांची रचना म्हणजे या कायद्यातले ‘डिझाईन’. ते नोंदवले तर 10 वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते, पण त्याच क्षणी त्यावरचा कॉपीराइट संपतो.

नोंदवले नाही तर काय, याचे उत्तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) मध्ये आहे आणि धंद्यातल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक असते. नोंदणीस पात्र असूनही न नोंदवलेले डिझाईन ज्या वस्तूवर वापरले, ती वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने 50 पेक्षा जास्त वेळा तयार केली, की कॉपीराइट संपतो. दिल्ली उच्च न्यायालयातले दोन निकाल शेजारी ठेवले की हे नीट दिसते. डिझायनर तरुण तहिलियानी यांच्या कंपनीच्या 2008 च्या खटल्यात प्रत्येक डिझाईनचे कपडे पन्नासाच्या आत होते, म्हणून रेखाटनांवरचा हक्क टिकला. 2016 मध्ये रितू कुमार या नावाने कपडे विकणाऱ्या कंपनीने बिबा या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध दावा केला, तेव्हा मात्र पन्नासाची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे कॉपीराइट उरलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे एप्रिल 2025 मध्ये क्रायोगॅस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमासाठी कसोटी घालून दिली, तिची पहिली पायरी अशी की समोरची कृती ही स्वतंत्र कलाकृती आहे की वस्तूवर वापरण्यासाठी अशा कलाकृतीतून काढलेली आकृती आहे, हे पाहावे.

पैठणच्या मागाला हे लावून पाहिले की आकड्याचा अर्थ बदलतो. भरजरी पदराची एक पैठणी मागावरून उतरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे एका मागावर एकाच नक्षीच्या 50 साड्या व्हायला वर्षे जातील. डिजिटल छपाईचे यंत्र तो आकडा एका दिवसात पार करते. म्हणजे हाच नियम छपाईवाल्याचा हक्क आठवडाभरात संपवू शकतो आणि विणकराचा दीर्घकाळ जिवंत ठेवू शकतो. हातमाग ही ‘औद्योगिक प्रक्रिया’ नव्हेच, असे मात्र कोणी गृहीत धरू नये, कारण डिझाईन कायद्याच्या व्याख्येत हाताने केलेली प्रक्रियाही येते. आणखी एक दिलासा असा की मोजल्या जातात त्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने केलेल्या वस्तू. चोराने पाचशे साड्या छापल्या म्हणून विणकराचे पन्नास भरत नाहीत.

ज्याला मोठ्या संख्येने विकायचे आहे त्याने म्हणूनच नोंदणीचा विचार करावा. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि व्यक्तीसाठी शासकीय शुल्क 1,000 रुपये आहे. पण अर्जाच्या दिवशी डिझाईन नवे असावे लागते. एआयने काढलेला नमुना आवडला म्हणून त्याच संध्याकाळी इन्स्टाग्रामवर टाकला, तर तो जगासमोर प्रसिद्ध झाला आणि नवेपणा गेला. नवेपणाची दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावातच आहे, कारण आधी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून ते पुढचे चित्र घडवते आणि त्याच्याशी मिळतीजुळती जुनी नक्षी कुठेतरी सापडण्याची शक्यता बरीच असते.

चित्रापासून नक्षापर्यंत

एआयने काढलेला पदर जसाच्या तसा विणता येत नाही, ही गोष्ट विणकराला सांगावी लागत नाही. बाकीच्यांना सांगावी लागते. पैठणीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आखतात, तिला नक्षा म्हणतात, आणि प्रत्येक रंगाच्या छोट्या कांड्या वेगवेगळ्या फिरवून, शेजारचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून ती विणली जाते. पडद्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यात शेकडो छटा असतील, पण मागावर त्यातल्या मोजक्याच टिकतात. कोणती छटा ठेवायची, मुनियाची चोच किती घरांत बसवायची, आसावलीची वेल काठाच्या रुंदीत कुठे वळवायची, हे नक्षा आखणारा माणूस ठरवतो.

कायद्याच्या दृष्टीने हे निर्णय सोन्याच्या मोलाचे आहेत. यंत्राचे चित्र कोणाचे हे संशयास्पद राहिले तरी त्यावरून माणसाने विवेकाने बदल करत आखलेल्या नक्षात स्वतंत्र कलाकृती असल्याचा दावा बराच मजबूत उभा राहतो, अर्थात माणसाने भर घातलेल्या भागापुरता. म्हणून पहिले रेखाटन, प्रॉम्प्टच्या सगळ्या आवृत्त्या, नाकारलेली चित्रे, खाडाखोड केलेला नक्षा आणि त्यांच्या तारखा जपून ठेवाव्यात. आपल्याकडे नक्षा आखून झाला की मधले कागद टाकून द्यायची सवय आहे. ती मोडायला हवी.

‘थोडा बदल केला की डिझाईन आपले’

वीस टक्के बदलले, दोन रंग फिरवले, मोराचे तोंड उलट केले की झाले, हा समज बाजारात इतका पक्का आहे की तो कुठल्याशा कायद्यातच लिहिला असावा असे वाटू लागते. तसा कोणताही टक्का कायद्यात नाही. कॉपीराइटमध्ये मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग उचलला का हे पाहतात, आणि नोंदवलेल्या डिझाईनच्या बाबतीत नक्कल उघड किंवा लबाडीची आहे का हे पाहतात; दोन्ही ठिकाणी डोळ्याला होणारा एकूण बोध महत्त्वाचा. दुसऱ्याच्या साडीचा फोटो एआयला देऊन ‘याच्यासारखे दुसरे दे’ म्हणणाऱ्याला ‘हे यंत्राने केले’ हा बचाव वाचवत नाही, कारण वस्तू बाजारात आणणारा तोच असतो. कॉपीराइट भंग जाणूनबुजून केला असेल तर 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडापर्यंत प्रकरण जाऊ शकते. डिझाईन कायद्यात कैद नाही. प्रत्येक भंगासाठी 25,000 आणि एका डिझाईनमागे एकूण 50,000 रुपयांची मर्यादा घातलेली भरपाई आहे, किंवा नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई हुकूम मागता येतो. आजच्या धंद्याच्या मानाने ते आकडे हास्यास्पद आहेत, आणि मनाई हुकूम हेच खरे हत्यार उरते.

एखाद्या नामवंत डिझायनरच्या ‘धाटणीत’ चित्र मागणे हा भंग नाही, कारण धाटणीवर कोणाची मालकी नसते. त्याचे नाव लावून ते विकणे मात्र ट्रेडमार्कच्या कायद्यात अडकवते.

मोर, कमळ आणि आसावली कोणाची

पैठणीतली मुनिया, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांशी नाते सांगणारे कमळ, हिमरूवरची फळाफुलांची नक्षी, बंजारा तांड्यांवरच्या बायकांचे आरशांचे भरतकाम यांवर कोणा एकाचा कॉपीराइट नाही. या परंपरा कोणत्याही मुदतीपेक्षा जुन्या आहेत. एआयने त्या शिकून घेतल्या तरी आजचा कॉपीराइट कायदा त्या समाजांना त्याबद्दल काही देत नाही. पैठणीला भौगोलिक निर्देशांक आहे, म्हणजे विशिष्ट प्रदेशात विशिष्ट पद्धतीने होणाऱ्या मालाच्या नावाला दिलेले संरक्षण. ते नावाला आहे, नक्षीला नाही.

हा फरक किती मोलाचा आहे हे जून 2025 मध्ये कळले. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल मंचावर आणली, पण ती त्या नावाने विकली नव्हती, त्यामुळे 2019 मध्ये मिळालेला निर्देशांक तिथे थेट लागू पडणे कठीण होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळताना दाद मागण्याचा हक्क निर्देशांकाच्या नोंदणीकृत मालकांचा असल्याकडे बोट दाखवले. उलट बाजूने पाहिले तर एआयने काढलेला मोराचा पदर पॉलिस्टरवर छापणाऱ्याला पैठणचा विणकर नक्षीवरून रोखू शकणार नाही, पण तो माल ‘पैठणी’ म्हणून विकला जात असेल तर निर्देशांकाच्या आधारे रोखण्याची वाट आहे. माझ्या मते एआयच्या काळात विणकराची सर्वांत मजबूत मालमत्ता चित्रात नसून या नावात आहे, आणि त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेण्याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते.

यंत्राला शिकवण्यासाठी दुसऱ्यांच्या कृती वापरण्याचा प्रश्न वेगळा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर 2025 मध्ये मांडलेल्या मसुद्यात कंपन्यांना सरसकट परवाना आणि निर्मात्यांना मोबदला असा मार्ग सुचवला. मोबदला वाटायचा तर नावे लागतील, आणि निनावी परंपरेचे नाव कोण लावणार, हे कोडे त्या मार्गावरही सुटलेले नाही.

काम दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर

पगारी डिझायनरने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रेखाटनाचा कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. तुकड्यावर काम करणाऱ्याचे तसे नाही. लेखी हस्तांतर नसेल तर रेखाटनाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. गंमत अशी की डिझाईन कायद्यात याच्या उलट, मोबदला देऊन ज्याच्यासाठी डिझाईन करवून घेतले तोच मालक ठरतो. एकाच कागदावरच्या एकाच मोराचे दोन कायद्यांत दोन मालक निघू शकतात. म्हणून करार लेखी हवा, आणि त्यात एआय कुठे वापरले, मूळ फोटो कोणाचे होते, पुढे दावा झाला तर जबाबदारी कोणाची, हे असावे. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच धरले जाते. वेगळी अट नसेल आणि वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर त्या हक्कापुरते हस्तांतर संपते.

वाद झालाच तर कॉपीराइटचा दावा, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावण्याची सोय कायद्याने दिलेली आहे. पैठणच्या विणकराला त्यासाठी सुरतेला जावे लागत नाही. डिझाईनच्या दाव्यात ही खास सोय नाही. शिवाय समोरच्याने ‘हे डिझाईन नवे नव्हतेच’ असा बचाव घेतला की जिल्हा न्यायालयातला दावा उच्च न्यायालयाकडे, म्हणजे मराठवाड्यात औरंगाबाद खंडपीठाकडे, वर्ग होतो. आणि तो बचाव सिद्ध करायला समोरच्याचा वकील पहिल्यांदा शोधतो ती आपण नोंदणीच्या आधी स्वतःच टाकलेली पोस्ट.